सगळ्याला ‘हो’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे.

‘अडलं की सगळ्याला हो म्हणून टाका, काम होतं’ हा सल्ला संगणकवाल्यांच्या जगात फार स्वस्त झाला आहे. त्याचा जुळा भाऊ म्हणजे ‘यादीत दिसत नाही ना? मग नाहीच ते!’ या दोन वाक्यांविरुद्ध मी आज लिहिणार आहे. विषय आहे लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या कार्यप्रणालीचा गाभा, बांधताना नेटवर्क कार्डांच्या ड्रायव्हरांची कोण-कोणावर-अवलंबून ही गुंतागुंत कशी सोडवायची, हा. हे वाचून निम्मे नातेवाईक इथूनच माघारी फिरतील. फिरू नका. यात व्याकरण आहे, मनमाडचं स्टेशन आहे, आणि एका गावाच्या लोकवर्गणीचे पैसेही आहेत.

‘तुमचा आणि याचा काय संबंध?’ हा प्रश्न घरातल्या तिन्ही इंजिनियरांनी विचारून झालेला आहे. मी मराठी माध्यमातून बीए झाले आणि जन्मभर लेकरांना वाक्यपृथक्करण शिकवलं. माझं म्हणणं असं की संबंध आहे तो तिथेच. कसा ते पुढे येईलच.

आधी हकिकत, थोडक्यात. आपल्याच जिल्ह्यातल्या एका शाळेत (गावाचं नाव सांगत नाही, आणि कंत्राटदाराचं तर नाहीच नाही) एक संगणक कक्ष आहे. एक मोठं यंत्र, म्हणजे सर्व्हर, आणि त्याला तारेने जोडलेली दहा जुनी यंत्रं. या दहांना स्वतःची हार्ड डिस्क नाही. सुरू झाली की ती नेटवर्कवरून सर्व्हरकडून कर्नल मागून आणतात आणि पुढचं सगळं त्याच तारेवरून चालतं. स्वस्त आणि मस्त व्यवस्था. उन्हाळ्याच्या सुट्टीत कंत्राटदाराने ‘जुन्या यंत्रांना हलका कर्नल हवा’ म्हणून स्वतः काटछाट करून नवा कर्नल बांधला आणि बसवला. शाळा उघडली तेव्हा सर्व्हर चालू आणि दहाच्या दहा यंत्रं अर्ध्यात थांबलेली. निदान काय? ‘या कार्डांचा ड्रायव्हर नव्या कर्नलमध्ये राहिलाच नाही. दहा नवी कार्डं घ्या.’ मुख्याध्यापक बिचारे लोकवर्गणीतले पैसे काढायला निघाले होते. हे पैसे कशाचे? मोसंबीच्या बागा जळालेल्या वर्षीसुद्धा लोकांनी दिलेले.

माझी भाची पुण्यात अशाच कामात आहे. ती महालक्ष्म्यांना आली होती, तिला मी तिथे घेऊन गेले. तिने आधी एक साधा प्रश्न विचारला, आणि तो कुणीही विचारू शकलं असतं. ‘आत्या, हे यंत्र कर्नल आणतंय कुठून?’ तारेवरूनच. म्हणजे कार्ड धडधाकट आहे! कर्नल आणण्यापुरतं काम कार्डातला छोटा रॉम करतो. कर्नल जागा झाला की त्याला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि तो नसल्यामुळे ज्या वाटेने आला तीच वाट त्याला दिसेनाशी होते. दहा कार्डं एकाच दिवशी मरत नाहीत, एवढं तर आमच्या शिपायालाही कळलं होतं. पण त्याला कोण विचारतो?

कार्डं रिअलटेक कंपनीची होती, त्यांचा ड्रायव्हर आर ८१६९. सर्व्हरचं कार्ड इंटेलचं, म्हणून तो सुखरूप. सुदैवाने कर्नल कोणत्या निवडींनी बांधला ती यादी त्याच्याच पोटात ठेवलेली होती. तशी सोय असते, आणि ती चालू असेल तर चालत्या यंत्रातून यादी वाचता येते. भाचीने त्याच आवृत्तीचा मूळ स्रोत उतरवला, त्याला ही यादी लावली आणि निवडीचा तक्ता उघडला. इथपर्यंत कंत्राटदाराचं म्हणणं खरं वाटत होतं, कारण नेटवर्क कार्डांच्या पानावर आर ८१६९ चं नावच नव्हतं. मग तिने तिरकी रेघ दाबून शोध घेतला. लगेच नाव आलं, आणि नावाखाली ते कशाकशावर अवलंबून आहे तेही आलं. नेटवर्क उपकरणं: हो. इथरनेट: हो. पीसीआय: हो. रिअलटेकची उपकरणं: नाही.

एवढंच! काटछाट करताना ‘रिअलटेकची उपकरणं’ या शीर्षकापुढे ‘नाही’ लिहिलं गेलं होतं. हे शीर्षक स्वतः काहीच करत नाही. मदतीच्या मजकुरात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे: या उत्तराचा कर्नलवर थेट परिणाम होत नाही, ‘नाही’ म्हटलंत तर या कंपनीच्या कार्डांबद्दलचे पुढचे प्रश्न तुम्हाला विचारले जाणार नाहीत, इतकंच. कार्डांची अशी कंपनीवार कपाटं २०१२ साली आलेल्या ३.२ या आवृत्तीपासून आहेत. कपाटाला कुलूप लावलं आणि आतलं पुस्तक ग्रंथालयात नाही असं सांगितलं, असा हा प्रकार.

आता माझा पहिला मुद्दा. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. केकॉन्फिग, म्हणजे कर्नलची ही निवड-व्यवस्था, ज्याची अट पुरी होत नाही तो पर्याय तुमच्यापुढे आणतच नाही. हा तिचा गुण आहे, दहा हजारांहून अधिक पर्याय एकदम अंगावर आले तर माणूस वेडा होईल. पण म्हणूनच ‘दिसत नाही’ या वाक्यानंतर पूर्णविराम देता येत नाही. ‘का दिसत नाही?’ हा प्रश्न बाकी राहतो, आणि त्याचं उत्तर एक कळ दाबण्याच्या अंतरावर असतं. ते न बघता गावाकडे पैसे मागणं याला मी अज्ञान म्हणणार नाही. अज्ञानाला माफी आहे. हा आळस आहे, आणि त्याचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलेलं आहे.

गोष्ट इथे संपली नाही. कपाट उघडलं, ड्रायव्हर मोड्यूल म्हणून बांधला, सुरुवातीच्या छोट्या फाइलसंचात (त्याला इनिटरॅमएफएस म्हणतात) घातला, आणि तरी यंत्रं थांबलेलीच! पण या वेळी पडद्यावर एक ओळ होती. या कार्डाच्या फायसाठी खास ड्रायव्हर सापडला नाही, बहुधा रिअलटेक नावाचं मोड्यूल इनिटरॅमएफएसमध्ये घालावं लागेल, अशा अर्थाची. फाय म्हणजे कार्डाचा तो भाग जो प्रत्यक्ष तारेशी बोलतो. आर ८१६९ कार्ड चालवतो, पण तारेशी बोलायला त्याला रिअलटेक मोड्यूलची सोबत लागते. बांधणीच्या यादीत ही सोबत आपोआप निवडली जाते, कारण तसं लिहून ठेवलेलं आहे. पण कंत्राटदाराची इनिटरॅमएफएस बनवण्याची पद्धत हाताने लिहिलेल्या यादीची. त्या यादीत सोबत्याचं नाव कुठून येणार? ते घातलं. संध्याकाळी दहाच्या दहा यंत्रं सुरू. खर्च शून्य, चहा शाळेचा.

यात गंमत बघा. अवलंबनाचे तीन थर आहेत. पहिला बांधणीचा: अमुक पर्याय निवडायचा तर तमुक हवा. दुसरा जोडणीचा: एका मोड्यूलने दुसऱ्यातलं फंक्शन हाक मारून बोलावलं, तर ते दुसरं आधी चढवावं लागतं. हे संगणक स्वतः शोधून नोंदवतो. तिसरा थर सगळ्यात फसवा. आर ८१६९ रिअलटेकच्या मोड्यूलला नावाने हाक मारत नाही. दोघांची गाठ फाय सांभाळणारी मधली व्यवस्था घालून देते. म्हणून आपोआप होणाऱ्या नोंदीत हे नातं उमटतच नाही. ते ड्रायव्हर लिहिणाऱ्याने वेगळं, मुद्दाम लिहून ठेवावं लागतं, आणि आर ८१६९ मध्ये ते लिहिलेलं आहे. एखाद्या घरात सासूचं नाव कुठल्याच कागदावर नसतं, पण तिच्याशिवाय पान हलत नाही, तसं हे!

आता माझ्या व्याकरणाकडे येते. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी वाक्याला तीन गोष्टी आवश्यक मानल्या: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. ‘गाय, घोडा, माणूस’ हे वाक्य नाही, कारण त्या शब्दांना एकमेकांची अपेक्षा नाही, म्हणजे आकांक्षा नाही. ‘तो विस्तवाने शिंपतो’ याला अर्थ नाही, कारण विस्तवाला शिंपण्याची योग्यता नाही. आणि ‘पाणी’ आत्ता म्हटलं आणि ‘आण’ तासाभराने म्हटलं तरी वाक्य होत नाही, कारण शब्द जवळ नाहीत, सन्निधी नाही. भाचीने केकॉन्फिग समजावून सांगितल्यावर मी तिला म्हटलं, अगं, हे तर मी बीएला शिकले! ड्रायव्हरला पीसीआय हवा ही आकांक्षा. मोबाइलच्या चिपमधल्या कार्डाचा ड्रायव्हर भलत्याच यंत्रावर निवडता येत नाही ही योग्यता. आणि सन्निधी? तिथेच तर खरी मारामारी आहे.

केकॉन्फिगमध्ये बऱ्याच ड्रायव्हरांना दोन नव्हे, तीन उत्तरं असतात. ‘नाही’, ‘हो’, आणि ‘मोड्यूल’. ‘हो’ म्हणजे तो कर्नलच्या भिंतीतच चिणला. ‘मोड्यूल’ म्हणजे वेगळा ठेवला, गरज पडली की येईल. यांना गुण आहेत शून्य, दोन आणि एक. ‘हे आणि ते’ म्हटलं की दोघांतला लहान गुण घ्यायचा, ‘हे किंवा ते’ म्हटलं की मोठा. आठवीच्या लेकरांना पंधरा मिनिटांत समजेल, मी समजावलेलं आहे. आता भिंतीत चिणलेल्या विटेने नंतर येणाऱ्या मोड्यूलच्या खांद्यावर भार टाकला तर? भिंत बांधली जात असताना तो खांदा तिथे नाहीच. बांधणी तुटते. शब्द दोन्ही आहेत, पण जवळ नाहीत. सन्निधीचा दोष!

पुण्यात कार्यालय असलेल्या क्यूलॉजिक कंपनीच्या कार्डांचा क्यूएलसीनिक नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे. (ही कंपनी २०१६ मध्ये कॅव्हियमने आणि कॅव्हियम २०१८ मध्ये मार्व्हेलने घेतली.) त्यात कार्डाचं तापमान सांगण्याचा एक छोटा पर्याय आहे. त्याची अट अशी: मूळ ड्रायव्हर हवा, तापमानाची व्यवस्था हवी, आणि मूळ ड्रायव्हर ‘हो’ व तापमानाची व्यवस्था ‘मोड्यूल’ असं मात्र नको. एका ओळीत केवढा विचार! ही ओळ ज्याने लिहिली त्याने कुणाचा तरी अख्खा दिवस वाचवला आहे. याला मी चांगलं गद्य म्हणते.

आता दुसरा मुद्दा, आणि इथे माझं भांडण जाणत्यांशी आहे. तक्रार बंद पडली म्हणजे अवलंबन सुटलं असं नव्हे. केकॉन्फिगमध्ये दोन क्रियापदं आहेत. एक ‘डिपेंड्स ऑन’: मला अमुक लागतं, ते असेल तरच मला विचारा. दुसरं ‘सिलेक्ट’: मला निवडलंत की अमुकही निवडलं गेलंच समजा. पहिलं कमाल मर्यादा घालतं, दुसरं किमान. फरक साधा वाटतो, पण दुसऱ्यात एक मेख आहे. सिलेक्टने ज्याला ओढून आणलं त्याच्या स्वतःच्या अटी पुऱ्या आहेत की नाहीत हे बघितलंच जात नाही. कर्नलच्या दस्तऐवजातच बजावलेलं आहे की हे जपून वापरा, आणि शक्यतो ज्यांच्या स्वतःच्या काही अटी नाहीत अशांसाठीच वापरा.

शिक्षक मंडळींना हे मी एका वाक्यात सांगते. डिपेंड्स ऑन म्हणजे जोडपत्रांसह प्रस्ताव. सिलेक्ट म्हणजे वरून आलेला आदेश: ‘सोमवारपासून संगणक कक्ष सुरू करावा.’ खोलीला वीज आहे का, हे आदेशात विचारलेलं नसतं. कक्ष सुरू झाल्याचा अहवाल मात्र जातो! आपण सगळ्यांनी असे अहवाल पाठवलेले आहेत, तेव्हा हसू नका.

आणि तरी, हाताला सोपं म्हणून, सिलेक्टच लिहिलं जातं. बांधताना ‘अटी पुऱ्या नसताना निवड झाली आहे’ असा इशारा येतो. तो मिटवायला काय करतात? आणखी एक सिलेक्ट. आदेशाची अडचण दुसऱ्या आदेशाने सोडवायची. होता होता असं जाळं होतं की एक साधा पर्याय बंद करायचा म्हटलं तर तो कुणी ओढून धरलाय हेच सापडत नाही. जगात दुसरीकडे हे कसं दिसतं तेही आपल्या जिल्ह्याला माहीत आहे. निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास, आपल्या जालन्यावरून मनमाड ते हैदराबाद रेल्वे आली ती मीटरगेज. मनमाडला मुंबईची लाइन ब्रॉडगेज. दोन्ही रेल्वेच, दोन्ही चालू, कागदावर जोडलेल्या. पण जालन्याच्या कापसाची गाठ मनमाडला उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागायची. रूळ बदलले ते १९९० च्या दशकात. ‘जोडलं आहे’ आणि ‘जुळलं आहे’ या दोन शब्दांतलं अंतर नऊ दशकांचं असू शकतं!

हे मी उगीच ताणत नाही, कर्नलमधलंच उदाहरण घ्या. अनेक नेटवर्क कार्डांत अचूक वेळ राखण्याची सोय असते, तिला पीटीपी घड्याळ म्हणतात. पूर्वी कित्येक ड्रायव्हर या घड्याळाला सिलेक्टने ओढून आणत. छोटी यंत्रं बनवणाऱ्यांना घड्याळ नको असलं तरी ते गळ्यात पडायचं. म्हणून २०१७ च्या ४.१० या आवृत्तीत ‘इम्प्लाय’ हे तिसरं क्रियापद आलं, म्हणजे आदेश नाही, नुसती शिफारस, नको असेल तर नाही म्हणा. २०२० मध्ये त्याचा अर्थ आणखी सैल केला. मग सन्निधीचा जुना दोष उगवला: ड्रायव्हर भिंतीत आणि घड्याळ मोड्यूल, बांधणी तुटली. शेवटी २०२१ मध्ये नीट विचार करून लिहिलं गेलं ते ‘डिपेंड्स ऑन’च. त्याचा मराठी अर्थ असा: घड्याळ मुळीच नसेल तर माझं काही म्हणणं नाही, पण ते मोड्यूल असेल तर मीही मोड्यूलच राहीन. आदेशाकडून शिफारशीकडे, शिफारशीकडून पुन्हा अटीकडे. चांगल्या चांगल्या माणसांना इथे यायला चार-पाच वर्षं लागली. ज्याला ‘सगळ्याला हो म्हणा’वाले कारकुनी समजतात ते काम हे!

ही भाषा कशी असावी यावरसुद्धा जोरदार वाद झालेला आहे. एरिक रेमंड यांनी २००० च्या सुमारास सीएमएल-२ नावाची नवी व्यवस्था पायथन भाषेत लिहिली आणि ती कर्नलमध्ये यावी म्हणून बराच काळ प्रयत्न केला. ती नाकारली गेली. मग रोमन झिप्पेल यांची व्यवस्था २००२ च्या अखेरीस २.५.४५ या आवृत्तीत आली, तीच आजची केकॉन्फिग. म्हणजे काय लागतं आणि कुणाला लागतं हे कसं लिहायचं, यावर जाणती माणसं वर्षानुवर्षं भांडली. आपण एक कळ दाबून मोकळे होतो.

आता विरुद्ध पक्षाचं म्हणणं. माझ्या घरातच तो पक्ष आहे, आणि बहुमतात आहे.

एक म्हणतो, ‘मावशी, आजकाल कोण कर्नल बांधतं? डेबियन, फेडोरा घ्या, सगळे ड्रायव्हर मोड्यूल म्हणून तयार मिळतात.’ शंभर टक्के मान्य! शाळेने तेच घ्यावं. सुरक्षेच्या दुरुस्त्याही वेळेवर मिळतात. पण मग हलक्या कर्नलच्या नावाखाली काटछाट करून बसवणारे आणि त्याचे पैसे लावणारे कोण? त्यांना कुणी तरी प्रश्न विचारायला नको? आणि ते तयार मिळणारं तरी आकाशातून पडतं का? कुणी तरी हजारो प्रश्नांची उत्तरं बसून दिलेली असतात म्हणून तुमची तार पहिल्या झटक्यात चालते.

दुसरा म्हणतो, ‘आपोआप करणाऱ्या सोयी आहेत की!’ आहेत. चालत्या यंत्रात आत्ता जी मोड्यूलं चढलेली आहेत तेवढीच ठेवून बाकीची वगळणारी एक सोय २००९ पासून कर्नलमध्येच आहे. उत्तम आहे, पण ती ज्या यंत्रावर चालवली त्या यंत्रापुरती. स्वतःच्या दुकानातल्या संगणकावर चालवून आलेली यादी दुसऱ्या कार्डाच्या यंत्रावर बसवाल तर काय होईल? दर्जीने स्वतःच्या अंगाचं माप घेऊन गिऱ्हाइकाचा सदरा शिवावा तसं. आणि ‘सगळ्याला हो’ हीसुद्धा एक तयार आज्ञा आहे. ती कर्नल लिहिणाऱ्यांनी सगळा स्रोत बांधला जातो की नाही ते तपासण्यासाठी ठेवली आहे, शाळेच्या जुन्या यंत्रावर बसवण्यासाठी नाही.

तिसरा (हा सगळ्यात हुशार) म्हणतो, ‘हे सगळं इंग्रजीत आहे. मराठीत याचा उपयोग नाही.’ इथे मात्र माझा पारा चढतो. केकॉन्फिगचे प्रश्न दुसऱ्या भाषांत दाखवण्याची सोय २००५ मध्ये आली होती. कोणत्याही भाषेतले लोक भाषांतर करून घालू शकले असते. २०१८ च्या सुमारास ती सोय काढून टाकण्यात आली. कारण? ती मोडकी झाली होती आणि कुणी वापरत असल्याचं दिसत नव्हतं. तेरा वर्षं दार उघडं होतं. त्या तेरा वर्षांत दर २७ फेब्रुवारीला आपण मराठी भाषेच्या संवर्धनावर भाषणं ठोकत होतो! २०२४ च्या ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आनंदच आहे, आमच्याकडे पेढे वाटले गेले. पण अभिजात भाषेने आजच्या गोष्टींना नावं द्यायची नाहीत असं कुठे लिहिलं आहे? संगणकावर मराठी म्हणजे सुंदर अक्षरं आणि सकाळचे शुभेच्छा-संदेश, इथेच आपण थांबलो. यंत्र का थांबलं, ते काय मागतंय, त्याला कशाची सोबत हवी, हे मराठीत सांगायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

आणि इंग्रजीचा बाऊ करणाऱ्यांना हे विचारते. त्या दहा यंत्रांच्या पडद्यावर जी ओळ आली ती वाचायला किती इंग्रजी लागतं? ‘रिअलटेक’ आणि ‘घालावं लागेल’ एवढं कळलं तरी पुरे होतं. माझ्याजवळ सातवीतली एक मुलगी उभी होती, तिने ती ओळ अडखळत वाचली आणि विचारलं, ‘बाई, ते मागतंय ते देऊन बघायचं का?’ त्या लेकराची आकांक्षा कळली, मोठ्यांची नाही कळली.

तर माझ्या मागण्या, आणि त्या फार नाहीत.

शाळेसाठी, ग्रामपंचायतीसाठी, वाचनालयासाठी जो कुणी स्वतः बांधलेला कर्नल बसवील, त्याच्याकडून निवडीची पूर्ण यादी मागून घ्या. कर्नल जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली आहे, आणि त्या परवान्यात स्रोत म्हणजे नुसता प्रोग्राम नव्हे, तर तो बांधायला आणि बसवायला वापरलेल्या स्क्रिप्टसुद्धा. म्हणजे ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. त्या यादीची एक प्रत कर्नलच्या पोटात ठेवायलाही सांगा, जागा नगण्य लागते.

काय वगळलं आणि का वगळलं, हे मराठीत एका पानावर लिहून घ्या. ज्याला ‘का’ लिहिता येत नाही त्याने काहीही वगळू नये.

‘ड्रायव्हर नाही’ असं कुणी म्हणालं तर पैसे देण्याआधी शोधाचा तो तक्ता तुमच्या डोळ्यांपुढे उघडायला लावा. कशाकशावर अवलंबून आहे त्या ओळी वाचा. प्रत्येकीसमोर हो, नाही किंवा मोड्यूल असं लिहिलेलं असतं. जिथे ‘नाही’ आहे तिथे बोट ठेवा.

आणि तरुण भाचे-पुतण्यांनो, तुम्ही रोज या गाठी सोडवता आणि सोडवल्या की विसरून जाता. तसं करू नका. गाठ कुठे होती, कुणाला कोण हवं होतं, ते मराठीत लिहून ठेवा. चार ओळी लिहा. शब्द सापडले नाहीत तर मला विचारा, मी अजून आहे.

सगळ्याला ‘हो’ म्हणणारा माणूस घरात गोड वाटतो, पण त्याच्या भरवशावर लग्न ठरवता येत नाही. कुणाला कशाला ‘हो’, कशाला ‘नाही’, आणि कशाला ‘वेळ आली की बोलावते’, हे कळणं म्हणजे शहाणपण. यंत्र नेमका हाच प्रश्न दहा हजार वेळा विचारतं. कंटाळा यायचाच. पण त्या कंटाळ्याची किंमत गावाने का मोजावी, याचं उत्तर ज्याच्याकडे असेल त्याने मला जरूर लिहावं. मी भांडायला तयार आहे.